अर्धा स्वर खाली

सोमवार, २ फेब्रुवारी

साडेतीनला हॉटेलात गेलो. वेटरांवरच्या कॅप्टनने चहा दिला. चार वाजता पियानोचं झाकण उघडलं. सव्वाचारला बंद केलं. घरी आलो. पाव आणि अंडं खाल्लं.

ही वही मुळात गाण्यांची आहे. रोज कोणती गाणी झाली आणि कोणत्या पट्टीत, एवढंच मी हिच्यात लिहीत आलो. नऊ नोव्हेंबरनंतर लिहिण्यासारखं काही नव्हतं. पानं उरली आहेत. ती कोरी ठेवणं बरं वाटेना, म्हणून हे.

नऊ नोव्हेंबरला बाई गेल्या. सकाळी, घरीच, हृदय बंद पडून. हॉटेलच्या लाउंजमध्ये मी पियानो वाजवायचो आणि बाई गायच्या. दुपारी चार ते सात, आठवड्यातले सहा दिवस, सव्वीस वर्षं.

निघताना मॅनेजर भेटले. म्हणाले, "मास्तर, तीन महिने होत आले. मी काही बोललो नाही."

"नाही बोललात."

"दोन मार्चला काय ते ठरवू. नवी गाणारी आणायची तर आणू. नाहीतर तिथे स्पीकर बसवतो, आणि पियानो वरच्या हॉलमध्ये जाईल."

मी बरं म्हणालो. माणूस वाईट नाही. दुसरा कुणी महिनाभरही थांबला नसता.

हात चालत नाहीत असं नाही. घरी टेबलावर चालतात. पण तिथे बसलं की सुरू कधी करायचं तेच कळत नाही. बाई माझ्याकडे पाठ करून उभ्या राहायच्या. श्वास घेताना त्यांचा डावा खांदा किंचित वर जायचा, की मी सुरू. आता तिथे समोर थेट केकचं काचेचं कपाट दिसतं.

मंगळवार, ३ फेब्रुवारी

पुन्हा तेच. आज पाच मिनिटं. एका गिऱ्हाइकाने विचारलं, पियानो बिघडलाय का. कॅप्टन म्हणाला, "नाही साहेब, रजेवर आहे."

गुरुवार, ५ फेब्रुवारी

गेल्या मे महिन्यात एक मुलगी छोटा कॅमेरा घेऊन आठ-दहा दिवस लाउंजमध्ये यायची. कोपऱ्यात बसून आमचं चित्रण करायची. विद्यार्थिनी असेल असं मला वाटलं होतं. आज ती आली ती दिग्दर्शिका म्हणून. सोळा तारखेपासून आठवडाभर लाउंज बंद ठेवून तिथे तिच्या सिनेमाचं शूटिंग आहे. एक पियानोवाला आणि एक गाणारी या हॉटेलातून त्या हॉटेलात काम शोधत फिरतात, नीट जम बसत नाही, अशी गोष्ट आहे.

"प्रेमकथा आहे, सर," ती म्हणाली.

"कुणाची?"

ती जरा घुटमळली. "त्या दोघांचीच. मनानेच रचलेली."

बाईंचं तिला माहीत नव्हतं. कॅप्टनने सांगितलं तेव्हा ती तिथेच खुर्चीत बसून रडली. मी तिला पेपर नॅपकिन दिला. मला अवघडल्यासारखं झालं. मी स्वतः बाई गेल्या त्या दिवशी, अंत्यदर्शनाला, रडलो नव्हतो. बाईंचे यजमान पुढे उभे होते, लोक त्यांचा हात हातात घेत होते. मी तिसऱ्या रांगेत, कॅप्टनशेजारी. एका वयस्कर बाईंनी मला विचारलं, "तुम्ही शेजारचे का?" मी म्हटलं, "साथीला असतो." त्यांना काही कळलं नाही. मान हलवून पुढे गेल्या.

माझ्याकडे दोन कामं दिली आहेत. नायकाला पियानोवर बसायला शिकवायचं. आणि हात जवळून दाखवायचे असतील तिथे नायकाऐवजी माझे हात. हो म्हणालो. ठरलेल्या वेळी कुठेतरी जायला मिळेल.

रविवार, ८ फेब्रुवारी

ताईचा फोन. ती दर रविवारी करते.

"सिनेमात? तू?"

"फक्त हात."

"का, तोंडाला काय झालं?"

"नायक तीस वर्षांचा आहे, ताई."

"मग एकसष्ट वर्षांचे हात कसे चालतील त्याला?"

"रंगवणार आहेत."

ती बराच वेळ हसली. मग म्हणाली, "एक विचारते, रागावू नकोस."

"विचार."

"तिचा संसार होता, ते मला कळतं. पण तू कधी बोललास का तिच्याशी?"

"कशाबद्दल?"

ताई म्हणाली, "जेवलास का?"

"जेवलो."

ताईच्या डोक्यात पहिल्यापासून काहीतरी आहे. आमचं बोलणं कामापुरतं असायचं. पुढचं गाणं कोणतं, लय केवढी, गर्दी किती, पाणी हवंय का. त्या मला मास्तर म्हणायच्या, मी त्यांना बाई. त्यांनी घरचं कधी सांगितलं नाही, मी विचारलं नाही. सव्वीस वर्षांत एकदाही वाजलं नाही आमचं. बरोबर काम करणाऱ्यांत हे सहसा होत नाही. त्याला आणखी काही नाव द्यायचं कारण नाही.

मंगळवार, १० फेब्रुवारी

नायक शिकायला आला. मुलगा गुणी आहे, पाठ ताठ ठेवून बसतो. त्याला पियानो येत नाही, पण बोटं कुठे ठेवायची ते पटकन उचलतो.

त्याने विचारलं, "सर, पट्टी म्हणजे नक्की काय?"

"गाणारा आपला सा ज्या सुरावर धरतो ती त्याची पट्टी. या काळ्या पांढऱ्या पट्ट्यांना आकडे आहेत. कुणी काळी चारमधून गातो, कुणी पांढरी पाचमधून. प्रत्येकाच्या गळ्याची आपली जागा असते."

"आणि मी तिच्याकडे कधी बघायचं?"

"बघायचं नाही."

"अजिबात?"

"खांदा बघायचा. खांदा वर गेला की सुरू."

"चेहरा?"

"तो तिकडे असतो. लोकांकडे."

त्याने बोटं पट्ट्यांवरून उचलली. "मग प्रेम कधी करायचं, सर?"

"ते दिग्दर्शिका सांगतील," मी म्हणालो. तो हसला. मी गंमत केली नव्हती.

पट्टीबद्दल एक गोष्ट मी त्याला सांगितली नाही. सहा वर्षांपूर्वी बाईंचा आवाज वरच्या सुरांवर ताणला जाऊ लागला. लोकांच्या लक्षात येण्याइतका नाही, माझ्या लक्षात आला. वय झालं की गळा खाली उतरतो, त्यात कुणाचा दोष नसतो. पण "आता पट्टी उतरवू या" असं तोंडावर सांगितल्यावर गाणं कायमचं सोडून दिलेले दोघे जण मी पाहिले आहेत. म्हणून मी बोललो नाही. त्या वर्षी बाई पंधरा दिवसांच्या सुट्टीवरून परत आल्या त्या दिवशी मी सगळी गाणी अर्धा स्वर खाली सुरू केली. पंधरा दिवस बंद असलेल्या गळ्याला आपली जागा नेमकी आठवत नाही. त्यांना कळलं नाही. वरचा सूर सहज लागला तेव्हा पाठ सैल झालेली दिसली.

नंतर दर वर्षी त्या सुट्टी घेऊ लागल्या. मी आणखी दोनदा तसं केलं. काळी पाचवरून आम्ही पांढरी पाचवर आलो. या वहीत ते सगळं आहे. वही मी कुणाला दाखवत नाही. माझ्या नोकरीत अभिमान वाटावा असं हे एकच काम झालं, आणि ते कुणाला कळू नये यातच त्याची सफाई होती.

गुरुवार, १२ फेब्रुवारी

बाईंच्या यजमानांकडे जाऊन आलो. सिनेमात काम करतोय हे त्यांच्या कानावर घालावं म्हणून. ते कवळ्या बनवतात. पुढच्या खोलीतच त्यांचं टेबल आहे. तिथे दातांचे साचे ओळीने मांडलेले असतात, सगळे तोंड उघडून. कुठे बघावं कळत नाही.

"तिच्यावर आहे का सिनेमा?" त्यांनी विचारलं.

"नाही. तसं काम करणाऱ्या दोघांवर आहे. तुमची हरकत नसेल तर."

"माझी कसली हरकत? त्यांनी तुम्हाला विचारायला हवं."

"मला विचारलं त्यांनी."

"मग झालं तर." ते एक दात घासून गुळगुळीत करत होते. काम थांबवलं नाही, पण बोलत राहिले. एकट्या माणसाला बोलायला कुणीतरी लागतं. "मी तिला किती वेळा म्हटलं, सुट्टी घेतलीसच आहे तर कुठेतरी जाऊ. समुद्रावर जाऊ, तुझ्या बहिणीकडे जाऊ. नको म्हणायची. पंधरा दिवस नुसती घरात. चार वाजले की या खोलीतून त्या खोलीत. मी म्हणायचो, अगं, मग जा ना कामावर. तर म्हणायची, नाही, पंधरा दिवस पुरे व्हायला हवेत."

"डॉक्टरांनी सांगितलं असेल."

"मला पण तसंच वाटलं. पण कुठला डॉक्टर, ते काही बोलली नाही."

हॉटेलात बाई सुट्टीच्या अर्जावर दर वर्षी एकच कारण लिहायच्या: यजमानांना फिरायला न्यायचं आहे. परत आल्यावर कुठे जाऊन आलात असं मी कधी विचारलं नव्हतं.

दारापर्यंत सोडायला आले. म्हणाले, "दात सांभाळा हो. आवाज दातांवर असतो." मी गात नाही हे त्यांना माहीत नसावं.

शुक्रवार, १३ फेब्रुवारी

काही नाही. चादरी धुतल्या.

सोमवार, १६ फेब्रुवारी

सकाळी सातला हजर. लाउंज ओळखू येत नव्हतं. टेबलं बाहेर काढली आहेत, जमिनीवर सगळीकडे तारा. पियानोच्या आत तारांवर जाड कांबळं टाकलं आहे. गाणं आधीच रेकॉर्ड करून आणलंय, दुसऱ्या कुणाच्या आवाजात. ते लावायचं आणि त्याबरोबर फक्त दिसायचं. मी दाबलेल्या सुराचा आवाज नुसता ठक् असा येतो.

मेकअपवालीने माझे हात पाऊण तास रंगवले. डाग गेले, शिरा बुजल्या. कॅप्टन बघून म्हणाला, "मास्तर, हे हात घेऊन घरी जाऊ नका. शेजारी चोर समजून धरतील."

कॅमेरामन केकच्या कपाटावर चिडला होता. गाणारीच्या जागेवर कॅमेरा लावला की समोरच्या काचेत मागचा पियानो आणि वाजवणारा अख्खा दिसतो म्हणे, चेहऱ्यासकट. शेवटी त्यावर काळं कापड टाकलं. इतकी वर्षं तिथे बसतो, माझ्या कधी लक्षात आलं नाही. वाजवताना मी जवळचा चष्मा लावतो, त्यातून लांबचं सगळं धूसर.

नायिका पंचविशीची आहे. नम्र आहे. गेल्या वर्षीचं बाईंचं चित्रण बघून तिने उभं राहण्याची तयारी केली आहे, असं तिने सांगितलं.

मंगळवार, १७ फेब्रुवारी

आज चूक झाली. आजवर अशी झाली नव्हती.

माझ्या हातांचा शॉट होता. कॅमेरा माझ्या उजव्या खांद्यावरून हातांवर, पुढे नायिकेची पाठ. रेकॉर्ड केलेलं गाणं काळी चारमध्ये आहे. नायिका नीट उभी राहत नव्हती म्हणून पुन्हा पुन्हा होत होतं. नवव्या की दहाव्या वेळी ती दमली होती. दुसऱ्या कडव्याच्या आधी तिने श्वास घेतला आणि तिचा डावा खांदा वर जाऊन तिथेच राहिला. बाई वरच्या सुराला घाबरल्या की असाच राहायचा.

मला काही कळलं नाही. गाणं पुढे चाललं होतं, मी वाजवत होतो, तारांवर कांबळं असल्याने ऐकायला काहीच नव्हतं. मग "कट" झालं. संगीताचं बघणारा मुलगा पडद्याकडे बोट दाखवत होता.

"सर, हात पांढऱ्या पट्टीवर आहे. इथे काळी हवी."

मी खाली बघितलं. पांढरी पाच. अख्खं कडवं मी अर्धा स्वर उतरवून वाजवलं होतं.

सगळे थांबले होते. कुणी रागावलं नाही, त्यानेच जास्त लाज वाटली. मी म्हटलं, "माफ करा, परत घेऊ." दिग्दर्शिका म्हणाली, "आज नको, सर. उद्या बोलू." ती माझ्याकडे विचित्र नजरेने बघत होती. बहुतेक दुसरा कुणीतरी हातांसाठी बघतील.

बुधवार, १८ फेब्रुवारी

मला काढलं नाही. दिग्दर्शिकेने मला बाजूच्या खोलीत नेलं, लॅपटॉप उघडला. म्हणाली, "काल तुम्ही खाली का गेलात ते मला माहीत आहे, सर. हे तुम्हाला दाखवावं की नाही यावर मी पंधरा दिवस विचार करतेय."

आधी बाईंचं गाणं होतं, समोरून घेतलेलं. गाताना बाईंचा चेहरा मी पहिल्यांदा बघितला. डोळे मिटून गात असतील असं मला वाटायचं. मिटत नव्हत्या. लोकांकडेही बघत नव्हत्या. गाणंभर समोरच्या केकच्या कपाटाकडे बघत होत्या. बाईंना गोड चालत नव्हतं.

मग बोलणं होतं. लाउंजचा कोपरा, दुपारचे पावणेचार असावेत. दिग्दर्शिकेचा आवाज कॅमेऱ्यामागून. ती पट्टीबद्दल विचारते. मी ऐकलं तसं लिहून ठेवतो.

बाई म्हणाल्या: "पट्टी? ते मास्तरांचं खातं. हळू बोल, ते आत चहा घेतायत. तुला गंमत सांगते. ते माझी पट्टी उतरवतात. गुपचूप. त्यांना वाटतं मला कळत नाही. अगं, चाळीस वर्षं गातेय, मला माझा गळा कळणार नाही? पहिल्यांदा केलं तेव्हा घरी जाऊन रडले. राग आला. मग वाटलं, या माणसाने याचा किती दिवस विचार केला असेल. मी सुट्टीवर जाईपर्यंत थांबले होते ते. तेव्हापासून मी दर वर्षी पंधरा दिवस सुट्टी घेते. मला कुठे जायचं असतं? पण त्यांना उतरवायला सवड नको? कधी उतरवतात, कधी नाही. मी आपली सवड देते."

"तुम्ही त्यांना सांगत का नाही?"

"सांगितलं तर पुढच्या वेळी विचारून उतरवतील."

एवढं बोलून त्या हसल्या, आणि मागे वळून बघितलं. मी आत चहा घेत होतो.

दिग्दर्शिकेने लॅपटॉप बंद केला. मी तिला विचारलं की हे चित्रण दुसरीकडे कुठे जपून ठेवलंय का, एकाच मशिनमध्ये असणं बरं नाही. ती म्हणाली, ठेवलंय. मग मी घरी आलो.

वही काढून मागची पानं बघितली. सहा वर्षं त्यांना कळत होतं. म्हणजे मी काही लपवलंच नव्हतं, माझं काम उघड पडलेलं होतं. जी सफाई मला वाटत होती ती नव्हती. हे कळलं ते बरं झालं.

चित्रणात गाण्याच्या सुरुवातीला ती हसते. आवाज लावायच्या आधी, दर वेळी. हे मला माहीत नव्हतं.

गुरुवार, १९ फेब्रुवारी

शूटिंगला गेलो नाही. अंग दुखतंय असं कळवलं. अंग दुखत नव्हतं.

येत्या मेमध्ये बाई सुट्टीवरून परतल्या की आणखी अर्धा स्वर खाली, काळी तीन करायची असं मी ठरवून ठेवलं होतं. नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यातच ठरवलं होतं.

शनिवार, २१ फेब्रुवारी

शॉट झाला. पहिल्या वेळेलाच. नायिकेचा खांदा तसाच वर राहिला असेल, पण मी वर बघितलंच नाही. हातांकडे बघून वाजवलं. रंगवल्यामुळे ते दुसऱ्याच कुणाचे वाटत होते, त्याची मदत झाली.

जेवणाच्या सुट्टीत दिग्दर्शिका शेजारी येऊन बसली. सिनेमाचा शेवट तिला सुटत नाहीये. दोघं वेगळी होण्याआधी शेवटचं गाणं होतं आणि तो तिला काहीतरी सांगतो. चार पानं लिहिली होती, सगळी फाडली म्हणाली.

"सर, तुमच्या मते तो काय म्हणेल?"

"दोन गाण्यांच्या मध्ये?"

"हो."

"पाणी हवंय का, म्हणेल."

"बस, एवढंच?"

"वेळ तेवढाच असतो."

तिने ते वहीत लिहून घेतलं. सिनेमावाल्यांना कशाचा उपयोग होईल सांगता येत नाही.

रविवार, २२ फेब्रुवारी

शूटिंग संपलं. ताईचा फोन.

"झाले का हात दाखवून?"

"झाले."

"आवाज असा का येतोय तुझा?"

"कसा?"

"खाली गेल्यासारखा."

मी म्हटलं, सर्दी आहे. मग मी तिला सांगितलं की बाईंना पट्टीचं माहीत होतं. ताईला गाण्यातलं काही कळत नाही, त्यामुळे सगळं पहिल्यापासून सांगावं लागलं. सुट्टीचंही. शेवटी ती म्हणाली, "अरे, वेड्या."

मी विचारलं, "का?"

"काही नाही. मी येऊ का तिकडे चार दिवस?"

नको म्हटलं. तिचे गुडघे दुखतात.

मंगळवार, २४ फेब्रुवारी

दिग्दर्शिकेने मला पेन ड्राइव्हमध्ये सगळं दिलं होतं. गाणं तेवढं वेगळं करून घेतलं आणि यजमानांकडे नेऊन दिलं. बोलण्याचा भाग दिला नाही. तो आमच्या कामाचा आहे. पट्टीचं त्यांना काय कळणार.

त्यांनी पेन ड्राइव्ह हातात घेऊन उलटसुलट बघितला, मग साच्यांच्या खणात ठेवला. "आत्ता नाही बघवणार मला."

"सावकाश बघा."

"तुम्ही बघितलंत?"

"हो."

"माझ्याबद्दल काही आहे त्यात?"

"गाणंच आहे."

त्यांनी मान हलवली. बराच वेळ साच्यावरची भुकटी ब्रशने झाडत होते. मग वर न बघता म्हणाले, "मास्तर, चांगली गायची का हो ती? मी कधी आलो नाही ऐकायला. पहिल्या वर्षी येतो म्हटलं तर म्हणाली, तुम्ही समोर बसलात तर माझं लक्ष जाईल. नंतर विचारलं नाही. कामही असायचं."

मी म्हटलं, "शेवटच्या दिवसापर्यंत सुरात होत्या."

"शेवटच्या दिवसापर्यंत?"

"आठ नोव्हेंबरला अकरा गाणी झाली. एकही सूर हलला नाही."

"बरं झालं," ते म्हणाले. "घरात मला ऐकू यायचं ते नुसतं गुणगुणणं. त्यावरून कसं कळणार?" त्यांचे डोळे भरले होते. भुकटीनेही होतं तसं. मी त्यांचा हात हातात घेतला. त्या दिवशी तिसऱ्या रांगेतून जमलं नव्हतं. त्यांच्या बोटांना प्लास्टर लागलेलं होतं. बराच वेळ ते हात सोडत नव्हते, आणि मला वाटतं मीही सोडत नव्हतो.

शनिवार, २८ फेब्रुवारी

मॅनेजरांनी बोलावलं. समोर एका मुलीचा फोटो होता. "ही बघा. आवाज गोड आहे, इंग्रजी गाणीही येतात. सोमवारपासून यायला तयार आहे."

"मी एकटा वाजवतो," मी म्हणालो.

"एकटे?"

"हो."

"मास्तर, नुसता पियानो तीन तास कोण ऐकणार?"

"ऐकायला कुणी येतच नाही, साहेब. चहा प्यायला येतात."

ते हसले. मला हसवायचं नव्हतं. "आणि तुम्हाला जमेल? तीन महिने नुसते झाकण उघडून बसत होता म्हणे."

"माहीत नाही."

"हे बरं आहे. माहीत नाही आणि एकट्याने वाजवणार." त्यांनी फोटो खणात टाकला. "एक महिना देतो. सोमवारी सात वाजेपर्यंत वाजलं नाही तर मंगळवारी स्पीकर."

सव्वीस वर्षांत मी त्यांच्याकडे, त्यांच्या आधीच्यांकडेही, काही मागितलं नव्हतं. बाहेर आल्यावर कॅप्टनकडून पाणी मागून घेतलं.

सोमवार, २ मार्च

साडेतीनला गेलो. कॅप्टनने चहा दिला आणि तिथेच उभा राहिला. सहा टेबलं भरली होती. मॅनेजर काउंटरशी कागद चाळत होते.

चारला झाकण उघडलं. पुढे काही होईना. चार वाजून दहा मिनिटं झाली. बारा झाली. मॅनेजरांनी घड्याळ बघितलं. मी हात मांडीवर ठेवले आणि मोठा श्वास घेतला, नुसता, उठून जायच्या आधी घेतात तसा. त्याबरोबर माझाच खांदा वर गेला आणि हात सुरू झाले.

पांढरी पाचमध्येच वाजवलं. सात वाजेपर्यंत अकरा गाणी झाली. तिसऱ्या गाण्याच्या सुमाराला माझ्या लक्षात आलं की मी चाल वाजवत नाहीये. फक्त माझा भाग वाजवतोय. सुरुवातीचे तुकडे, मधल्या जागा भरणं, ओळ चालू असते तेव्हा खाली धरून ठेवलेले सूर. ओळीची जागा रिकामी. चाल घ्यावी असं वाटलं, बोटं तिकडे नेलीही, पण ते बाईंच्या पुढे पुढे करण्यासारखं झालं असतं. नाही घेतली. कडवं संपेल तेवढा वेळ थांबायचो आणि पुढची जागा आली की भरायचो.

मॅनेजर जाताना म्हणाले, "शांत वाटतं, मास्तर. चालेल." त्यांना गाण्यातलं फारसं कळत नाही.

कॅप्टनने सातला झाकण लावायला मदत केली. "आज गाणं ऐकू आलं नाही."

"मी माझं वाजवलं."

"ते आलं ऐकू," तो म्हणाला. "इतक्या वर्षांत पहिल्यांदाच आलं. एवढं काही वाजवत होतात तुम्ही बाईंच्या मागे?"

मी म्हटलं, "हो."

चालत घरी आलो. कोट काढताना दुसरं बटण सैल लागलं, एका धाग्यावर लोंबत होतं. खिडकीशी खुर्ची ओढली, जवळचा चष्मा लावला. दोरा तिसऱ्या खेपेला सुईत गेला. बटण शिवलं, मागून गाठ मारली, उरलेला दोरा दाताने तोडला.